दहा-वीस वर्षं ठेवलेला शेअर विकायचा का आणि विकायचा तर कसा, सविस्तर

शेअर कधी घ्यावा यावर हजार लोक बोलतात, पण घेतलेला शेअर पंधरा-वीस वर्षं झाल्यावर त्याचं काय करायचं यावर कोणी नीट बोलत नाही, फार तर "चांगली कंपनी आहे, राहू दे" एवढंच ऐकायला मिळतं. आता राहू दे म्हणणाऱ्यांकडे उदाहरणं आहेतच. विप्रो १९४५ ला आपल्या जळगाव जिल्ह्यात अमळनेरला तेल आणि वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, आणि तिथल्या ज्या घरांनी ते शेअर पिढ्यानपिढ्या सांभाळले त्यांचं भलं झालं हे सगळ्यांना माहीत आहे. पण तसंच राहू दे म्हणत पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनमध्ये, येस बँकेत, जेट एअरवेजमध्ये, घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलमध्ये पण लोक बसले होते. डीएचएफएलचे शेअर २०२१ मध्ये शून्य होऊन बाजारातूनच गेले आणि जेटचा तर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी विकून बंद करण्याचा, आदेश दिला. म्हणजे ठेवून देणारे दोन्हीकडे होते, सबुरी दोन्हीकडे तेवढीच होती, फरक कंपनीत होता आणि तो फरक दरवर्षी बघावा लागतो.

माझं यात एकच ठाम म्हणणं आहे. तुम्ही शेअर कितीला घेतला होता हा आकडा फक्त टॅक्स काढायला वापरा, विकायचं की नाही ठरवताना तो डोळ्यासमोर नको. बहुतेक चुकीचे निर्णय तिथूनच येतात, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी हातात नक्की काय आहे ते शोधा

ऐकायला सोपं वाटतं पण जुन्या शेअरमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एनएसडीएल किंवा सीडीएसएल, म्हणजे सगळ्यांचे डिमॅट शेअर जिथे जमा असतात त्या दोन संस्था, यांचं एकत्रित स्टेटमेंट काढा, त्यात तुमच्या पॅनवरचे सगळे डिमॅट एका ठिकाणी दिसतात. मग प्रत्येक कंपनीसमोर तीन गोष्टी लिहा, कधी घेतले, किती घेतले आणि मधे काय काय झालं. मधे काय झालं म्हणजे बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं), डीमर्जर (कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होणं), मर्जर (दोन कंपन्या एक होणं). ज्यांच्याकडे एचडीएफसी लिमिटेडचे शेअर होते त्यांना जुलै २०२३ च्या मर्जरमध्ये २५ शेअरला एचडीएफसी बँकेचे ४२ मिळाले, आयटीसीवाल्यांना २०२५ मध्ये १० शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा १ मिळाला, आयटीसीसारख्या डीमर्जरमध्ये मूळ खरेदीची किंमत दोन्हीत विभागली जाते आणि ती कशी विभागायची ते कंपनी स्वतः जाहीर करते, ती नोटीस जपून ठेवा. ब्रोकरच्या ॲपमध्ये जो ॲव्हरेज दिसतो त्यावर डोळे झाकून जाऊ नका, डिमॅट एका ब्रोकरकडून दुसरीकडे हलवला असेल तर तो बऱ्याचदा चुकीचा किंवा रिकामाच असतो.

आईवडिलांच्या नावावर कागदी सर्टिफिकेट असतील तर ती आधी डिमॅट करावी लागतील, १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करून विकता येत नाहीत. सही न जुळणं, नावात फरक, पत्ता जुना, या सगळ्यात महिने जातात, त्यामुळे विकायचं नसलं तरी हे काम आजच हातात घ्या. आणि सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी घेतलाच नसेल तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात गेलेले असू शकतात, ते परत मिळतात पण वेगळा अर्ज करून.

वारसाने आलेल्या शेअरला घेतल्याची तारीख आणि किंमत मूळ मालकाची धरतात, तुमच्या नावावर झाल्याची नाही. बोनस शेअरला मात्र बोनस मिळाल्याची तारीख.

पायरी २: खरा परतावा काढा

"एक लाखाचे सहा लाख झाले" हे ऐकायला भारी वाटतं. पण वीस वर्षांत सहापट म्हणजे वर्षाला साधारण ९.४ टक्के. दहापट झाले असले तरी वीस वर्षांत ते १२ टक्क्यांच्या आसपासच बसतं. एक्सेलमध्ये एक्सआयआरआर नावाचं फंक्शन आहे, त्यात खरेदीच्या तारखा, मिळालेले डिव्हिडंड आणि आजची किंमत टाकली की वर्षाचा दर निघतो. तो दर निफ्टीच्या त्याच काळातल्या डिव्हिडंड धरलेल्या परताव्याशी लावून बघा, त्या इंडेक्सला टोटल रिटर्न म्हणतात आणि आकडे एनएसईकडे फुकट मिळतात.

याने लगेच विकायचं ठरत नाही, मागचा परतावा पुढचं काही सांगत नाही. पण "हा शेअर म्हणजे आपल्या घरची लक्ष्मी" ही जी भावना असते ना, तिला आकडा मिळतो आणि पुढचं बोलणं शांतपणे करता येतं, खास करून घरात दोघांची मतं वेगळी असतील तेव्हा.

पायरी ३: भाव न बघता धंदा बघा

एक कागद घ्या आणि तो शेअर का घेतला होता ते चार ओळीत लिहा. कर्ज कमी होतं, मार्केटमध्ये एक नंबर होते, मालक सचोटीचा वाटला, काय असेल ते. कोणीतरी सांगितलं म्हणून घेतला असेल तर तेच लिहा, आणि आज ठेवायला काय कारण आहे ते नव्याने शोधा. आता प्रत्येक ओळीसमोर आज ते खरं आहे का ते लिहायचं.

यासाठी कंपनीचे दहा वर्षांचे आकडे एका पानावर घ्या, स्क्रीनरसारख्या साईटवर किंवा कंपनीच्या वार्षिक अहवालात सगळं असतं. विक्री वाढते का, नफा वाढतो का हे तर सगळेच बघतात. त्याच्या पलीकडे मी पुढच्या गोष्टींना जास्त किंमत देतो.

धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड. नफा दरवर्षी दिसतोय पण कॅश फ्लोमध्ये पैसे येतच नाहीत, येणी फुगत चालली आहेत, असं तीन-चार वर्षं सलग दिसलं तर नफ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, गहाण ठेवलेले शेअर. दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न बीएसई आणि एनएसईवर येतो, त्यात गहाण किती ते स्पष्ट लिहिलेलं असतं. वाढत गेलेलं गहाण हे मालकाला पैशांची चणचण असल्याचं लक्षण. भाव पडला की सावकार ते शेअर बाजारात विकतो आणि भाव अजून पडतो.

ऑडिटर मुदतीच्या मधेच सोडून जाणं. मे २०१८ मध्ये मनपसंद बेव्हरेजेसचे रिझल्ट लागायच्या तोंडावर डेलॉइटने काम सोडलं आणि नंतर शेअरला रोज लोअर सर्किट लागायला लागलं, म्हणजे विकणारे रांगेत आणि घेणारा कोणी नाही. अशी बातमी आली की पुढच्या स्पष्टीकरणाची वाट बघत बसू नका, मी तरी बसणार नाही.

आणि एकूण शेअरची संख्या. हे लोक बघतच नाहीत म्हणून जरा थांबून सांगतो. सुझलॉन जानेवारी २००८ मध्ये शिखरावर होती, तेव्हा तिचे सुमारे दीडशे कोटी शेअर होते. जर्मनीची रीपॉवर कंपनी घेण्याच्या नादात कर्ज डोक्यावर बसलं, २०१२ मध्ये परदेशी बॉन्डचे पैसे देता आले नाहीत, आणि पुढच्या वर्षांत कर्जाच्या बदल्यात आणि भांडवल उभारायला नवे शेअर काढत काढत संख्या तेराशे कोटींच्या वर गेली. मधल्या काळात भाव दोन-तीन रुपयांपर्यंत आला होता. २०२४ मध्ये शेअर परत ऐंशीच्या आसपास गेला तेव्हा अख्ख्या कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटींच्या वर, म्हणजे २००८ च्या शिखरापेक्षाही जास्त होतं, पण जुन्या शेअरहोल्डरला भाव मात्र जुन्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच दिसत होता. कंपनी सावरली, धंदा परत उभा राहिला, तरी "माझा भाव आला की विकतो" म्हणणाऱ्याचा भाव आलाच नाही, कारण त्याचा वाटा मधेच नऊ पटीने पातळ झाला होता. म्हणून दहा वर्षांपूर्वी किती शेअर होते आणि आज किती आहेत, हे बघाच, बोनस आणि स्प्लिट वजा करून.

येस बँकेत पण इशारे भावाच्या आधी आले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचे प्रमुख राणा कपूर यांना पूर्ण मुदतवाढ नाकारली तेव्हा शेअर एका दिवसात पाव हिश्शापेक्षा जास्त पडला, तरीही तो दोनशेच्या वर होता. खूप लोकांनी तेव्हा "चारशेचा शेअर स्वस्तात मिळतोय" म्हणून अजून घेतला. मार्च २०२० मध्ये मोरेटोरियम आलं, म्हणजे खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आली, भाव एका आकड्यात गेला आणि शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी लॉक झाले. विकायचं ठरवलं तरी विकता येत नाही अशी वेळ येऊ शकते हे लक्षात ठेवा.

पायरी ४: विकायचं कारण कुठलं ते ओळखा

माझ्या मते जुना शेअर विकायची खरी कारणं चारच असतात, आणि कारणानुसार किती विकायचं तेही बदलतं.

*कंपनी बिघडली.* वरच्या पायरीत मूळ कारणच उरलं नाही असं दिसलं, किंवा मालकाच्या सचोटीवर शंका आली, तर सगळे विका, एकदम. इथे "थोडे विकू, थोडे ठेवू" हे मनाचं समाधान आहे. एखाद-दुसरी तिमाही वाईट जाणं म्हणजे बिघडणं नाही हे पण तेवढंच खरं, सिमेंट, स्टील, साखर या धंद्यांत वाईट वर्षं येतच असतात.

*भाव धंद्याच्या फार पुढे गेला.* याचं गणित करून बघा. समजा शेअर ८० पीईवर आहे, म्हणजे भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या ८० पट आहे. पुढची दहा वर्षं नफा दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढला, जे फार कमी कंपन्यांना जमतं, तर नफा साधारण चौपट होईल. पण तोवर वाढ मंदावून पीई २५ वर आला तर भाव दहा वर्षांत जेमतेम सव्वापट होतो, वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षाही कमी. हिंदुस्तान लिव्हरचं असंच झालं होतं, २००० साली जो भाव होता त्याच्याच आसपास शेअर २०१० मध्ये होता, डिव्हिडंड मिळत राहिला पण भाव जागचा हलला नाही, आणि कंपनी काही वाईट नव्हती. अशा वेळी एकतृतीयांश विका, सहा-आठ महिन्यांनी परत गणित करा. सगळे विकू नका, कारण चांगली कंपनी महाग आहे म्हणून पूर्ण विकली की ती परत घेणं मनाला फार जड जातं.

*एकाच शेअरमध्ये फार पैसे अडकले.* तुमच्या एकूण गुंतवणुकीच्या, घर सोडून, किती टक्के या एका शेअरमध्ये आहेत ते काढा. आयटीत नोकरी करणाऱ्यांकडे कंपनीने दिलेले शेअर साठत जातात, पगार त्याच कंपनीचा आणि बचत पण त्याच कंपनीत, म्हणजे वाईट वेळ आली तर दोन्ही एकदम जाणार. मी १५ टक्क्यांच्या वर गेलं की कमी करायला लागा म्हणेन, आणि ४०-५० टक्के असेल तर दोन-तीन आर्थिक वर्षांत पसरवून कमी करा. शेअर कितीही आवडता असला तरी.

*पैसे लागणार आहेत.* मुलीची ॲडमिशन, घराचं डाऊन पेमेंट, रिटायरमेंट. तीन वर्षांच्या आत लागणारी रक्कम शेअरमध्ये नको, ती आत्ताच टप्प्याटप्प्याने काढून एफडी किंवा लिक्विड फंडात टाका. मार्च २०२० मध्ये निफ्टी महिन्या-सव्वामहिन्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पडला होता, तेव्हा ज्यांची फी भरायची तारीख जवळ होती त्यांना पडत्या भावात विकावं लागलं.

यात नसलेली कारणं पण सांगतो. "दुप्पट झाला", "शेजाऱ्यांनी विकला", "मार्केट पडणार म्हणतात" ही कारणं नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "घातलेले निघाले की विकतो". शेअर ८० टक्के पडला असेल तर घातलेले निघायला तो इथून पाचपट व्हायला हवा. स्वतःला एवढंच विचारा, आज या शेअरचे पैसे रोख हातात असते तर मी हाच शेअर आजच्या भावाला घेतला असता का? उत्तर साफ नाही असेल तर तुमची जुनी खरेदी ते उत्तर बदलत नाही.

पायरी ५: टॅक्स मोजा, पण टॅक्सला घाबरून बसू नका

लिस्टेड शेअर १२ महिन्यांच्या वर ठेवला की लाँग टर्म. २३ जुलै २०२४ पासून वर्षाला १.२५ लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर टॅक्स नाही आणि त्याच्या वर १२.५ टक्के, त्यावर ४ टक्के सेस. बजेटमध्ये दर बदलतात, विकण्याआधी चालू वर्षाचे बघून घ्या.

जुन्या शेअरवाल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे ३१ जानेवारी २०१८. त्या तारखेपर्यंतचा नफा माफ आहे. त्या दिवशीचा एक्स्चेंजवरचा सर्वात वरचा भाव आणि तुमचा विक्रीचा भाव, यातला कमी तो घ्या, आणि तो तुमच्या मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल तर तोच खरेदीचा भाव धरतात.

उदाहरण घेऊ. २००५ मध्ये ५० रुपयांनी १००० शेअर घेतले, ३१ जानेवारी २०१८ ला वरचा भाव ४०० होता, आज १००० ला विकले. नफा ९.५ लाख नाही, ६ लाख धरायचा. त्यातून १.२५ लाख वजा, राहिले ४.७५ लाख, १२.५ टक्क्याने ५९,३७५, सेस धरून ६१,७५०. हेच ५०० शेअर मार्चमध्ये आणि ५०० एप्रिलमध्ये त्याच भावाला विकले तर सूट दोन वर्षांत दोनदा मिळते आणि एकूण टॅक्स ४५,५०० होतो, १६,२५० वाचले. महाग झालेला किंवा जास्त झालेला शेअर कमी करताना हे जरूर करा. बिघडलेल्या कंपनीत मात्र करू नका, कारण या उदाहरणात पूर्ण टॅक्स सुद्धा विक्रीच्या रकमेच्या सव्वासहा टक्क्यांच्या आतच आहे आणि तेवढा भाव तर एका सकाळी पडू शकतो.

डिमॅटमध्ये आधी घेतलेले आधी विकले असं धरतात, त्यामुळे "नवे विकतो जुने ठेवतो" हे एकाच डिमॅटमध्ये चालत नाही. लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. बाकी कितीही कमी उत्पन्न असलं तरी कमी उत्पन्नवाल्यांना जी टॅक्स माफी (रिबेट) असते ती या नफ्याच्या टॅक्सला लागू नाही, रिटायर झालेले बरेच जण इथे फसतात. विकून राहतं घर घ्यायचं असेल तर त्यातली सवलत पूर्ण विक्रीच्या रकमेवर मोजतात, फक्त नफ्यावर नाही, आणि तिच्या अटी बऱ्याच आहेत, त्यासाठी सीएला आधी भेटा, विकल्यावर नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, तिथल्या टॅक्समध्ये ही २०१८ ची माफी धरत नाहीत, तिथे नफा मूळ खरेदीपासूनच मोजला जातो.

पायरी ६: प्रत्यक्ष विक्री

विकण्याआधी पैसे कुठे जाणार ते लिहून ठेवा, इंडेक्स फंड, एफडी, दुसरा शेअर, कर्जफेड, काहीही, पण आधी. नाहीतर पैसे सेव्हिंगला पडून राहतात किंवा कोणाच्या तरी टिपेवर जातात आणि मग आधीचाच शेअर बरा होता असं होतं.

डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डिमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी, दिलेलं नसेल तर सीडीएसएलच्या टीपिन आणि ओटीपीने विक्रीला मंजुरी द्यावी लागते, जुना डिमॅट वर्षानुवर्षं वापरलाच नसेल तर केवायसी आणि मोबाईल नंबर आधीच अपडेट करा. मार्केट उघडल्या उघडल्या पहिली पंधरा मिनिटं सोडा. मोठ्या कंपनीत काही प्रश्न नाही पण छोट्या कंपनीचे शेअर असतील तर रोज किती शेअरची डिलिव्हरी होते ते बघा आणि लिमिट ऑर्डरच लावा, म्हणजे कमीत कमी भाव तुम्ही ठरवा, मार्केट ऑर्डरने म्हणजे मिळेल त्या भावाला मोठा लॉट टाकला तर तुमचाच माल तुमचा भाव पाडतो. डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर काढण्याचं शुल्क, दर दिवशी दर कंपनीमागे लागतो, त्यामुळे रोज दहा-दहा शेअर विकण्यात अर्थ नाही. आता सेटलमेंट टी प्लस वन आहे, आज विकले की पुढच्या कामाच्या दिवशी पैसे.

काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारी विक्रीची पावती, सेव्ह करा. शेअर का विकला त्या दोन ओळी तारखेसकट त्याच फोल्डरमध्ये ठेवा, भाव वर गेला की मन फिरतं तेव्हा त्या कामाला येतात, आणि घरच्यांनाही कळतं. वर्षाचा एकूण टॅक्स टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा त्याच्या वर जात असेल तर पुढच्या ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखेला, म्हणजे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर किंवा १५ मार्चला भरा, १५ मार्चनंतर विकले असतील तर ३१ मार्चपर्यंत. साठीच्या वरच्या निवासी माणसाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही, त्यांनी रिटर्न भरताना भरला तरी व्याज बसत नाही.